दीपगृहावरचा पायजमा

माझी मावशी पडदे शिवायची. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. कापायचं टेबल, दोन मशिनं आणि भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे. त्या ताग्यांतून अंग चोरत गेलं की स्वयंपाकघर. मावशीला माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत, खिडक्यांवरून राहत. रस्त्यात कुणी ओळख दाखवली की ती जरा गोंधळायची आणि मग म्हणायची, "हां हां, जिन्यावरची अरुंद खिडकी, नाही का?"

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिच्या हाताखाली होते. हुक लावणं, इस्त्री करणं, तयार माल पोचवणं ही कामं ते मन लावून करत. पडदे टांगायला मात्र ते कधी गेले नाहीत, कारण त्याला स्टुलावर चढावं लागतं. घरातला बल्ब गेला तर मावशी चढायची आणि काका खाली स्टूल धरून उभे राहायचे, तेही डोळे मिटून.

एक दिवस मावशीला दीपगृहाच्या राखणदाराचा फोन आला. दीपगृह फार जुनं, समुद्रकाठच्या पक्षी अभयारण्याच्या अगदी टोकाला. वरच्या काचेच्या खोलीला दिवसा पडदे लावावे लागतात आणि ते खाऱ्या हवेने कुजलेत, असं त्याचं म्हणणं. दिवसा दिवा बंद असताना पडदे कशाला, हे काही मावशीला कळेना. पण अख्खी खोलीच गोल आहे आणि सगळीकडून खिडकी आहे, एवढं ऐकल्यावर तिने पुढचं विचारलंच नाही. आयुष्यात गोल खिडकी शिवायची राहिली होती.

तिला एकटीला समुद्राच्या भरवशावर कसं सोडायचं म्हणून काकाही निघाले. सोबत हातमशीन, जाड पांढऱ्या कापडाचा गठ्ठा, एका मुक्कामाचे कपडे आणि काकांनी स्वतः उकडलेली अंडी. बस जिथे संपते तिथून पुढे ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूतून चालत जायचं होतं. अर्ध्या वाटेवर काकांचा पाय घसरला. मशीन त्यांनी छातीशी धरून वाचवलं, गठ्ठा मात्र पाण्यात बुचकळून निघाला.

राखणदार दारातच उभा होता. बऱ्याच दिवसांत बोलायला कुणी न मिळालेल्या माणसाचा उत्साह त्याच्यात होता. त्याने आधी पाणी दिलं आणि मग पाठ फिरवून आपला सदरा दाखवला. सदऱ्याला मध्यभागी रुपयाएवढं जळकं भोक होतं. वर दिव्याभोवती भिंगांचा मोठा काचेचा कांदा आहे, एकावर एक पाकळ्या असलेला. दिवसा त्याच्यावर ऊन पडलं की ते एका जागी गोळा होतं आणि जे समोर येईल ते भाजून काढतं, असं त्याने सांगितलं. परवा तो कांद्याकडे पाठ करून समुद्र बघत उभा राहिला होता.

मावशी त्याच्यामागून गोल जिना चढून गेली. काकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवून वर पाहिलं आणि आपण कापड वाळवतो म्हणाले.

त्यांनी पायथ्याशी मोकळ्या वाळूवर कापड अंथरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर गोटे ठेवले आणि बुरुजाच्या सावलीत डोळा लागेपर्यंत त्यावर लक्ष ठेवलं. जाग आली तेव्हा कापडाच्या बरोबर मधोमध काळ्या टोपीचा एक पांढरा पक्षी बसला होता. काकांना कौतुक वाटलं. त्यांनी डबा उघडला आणि पक्ष्याकडे बघत अंडी सोलायला घेतली.

तेवढ्यात अभयारण्याचा गार्ड गस्त घालत तिथे आला. हे पक्षी घरटं बांधत नाहीत, गोट्यागोट्यांत उघड्यावर अंडी घालतात. गार्डने दुर्बिणीतून पाहिलं, तर पक्ष्याच्या पोटाखाली एक ठिपक्याठिपक्यांचं अंडं. आणि पलीकडे एक गृहस्थ, मांडीवर टरफलं, गालात अंडं.

काकांना तोंड भरलेलं असल्यामुळे लगेच खुलासा करता आला नाही. गार्डने डबा तपासला, अंड्याचा वास घेतला, कोंबडी कुणाची, कुठली, इथपर्यंत चौकशी केली. शेवटी पुरावा म्हणून एक उकडलेलं अंडं रुमालात बांधून खिशात टाकलं. मग त्याने कापडाभोवती चार काठ्या रोवल्या, लाल दोरी ओढली आणि पाटी लावली. पिल्लू बाहेर पडून चालतं होईपर्यंत कापड हलवायचं नाही.

वरून मावशी उतरली ती हातात चिंध्या घेऊन. मापासाठी जुना पडदा काढायला गेली आणि तो पापडासारखा तुटला होता.

"अहो, कापड कुठंय?" तिने विचारलं.

काकांनी दोरीकडे बोट दाखवलं.

"त्याच्यावर कोण बसलंय?"

"आई होणार आहे ती," काका म्हणाले.

मावशीने गार्डला परोपरीने समजावलं. पक्ष्याला उचलायचंच नाही, भोवतीने कापू, मधला तुकडा त्याच्याकडेच राहू दे. गार्ड म्हणाला, कात्रीचा आवाज त्याला चालणार नाही. सकाळी ऊन आलं की दीपगृह पेटेल त्याचं काय, असं राखणदाराने विचारलं. त्यावर, दीपगृह आपल्या खात्यात येत नाही, असं उत्तर मिळालं.

मावशी वाद घालत बसणारी बाई नव्हती. तिने राखणदाराच्या चादरी आणि टेबलावरचा रुमाल गोळा केला, मशीन वर नेलं आणि काचेच्या खोलीत बसून जोडकाम सुरू केलं. तरी कापड कमी पडत होतं. तिने जिन्यातून हाक मारून काकांना पिशवीतले दोन्ही पायजमे काढून राखणदाराकडे द्यायला सांगितलं.

काका पिशवीकडे निघाले. पिशवी दोरीच्या जवळ होती आणि काकांचं टक्कल उतरत्या उन्हात चमकत होतं. पक्ष्याला काय वाटलं कोण जाणे, तो किंचाळत उठला आणि त्याने सरळ त्या टकलावर चोच मारली. काकांनी पिशवी डोक्यावर धरली आणि दिसेल त्या दारात शिरले. पक्षी मागोमाग दारातून आत. काका पळत सुटले. गोल गोल पळताना आपण वर चाललो आहोत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पक्षी पहिल्या वळणावरूनच परतला होता, पण मागे वळून बघण्याची काकांची तयारी नव्हती.

वर पोचल्यावर चारी बाजूंना नुसतं आकाश आणि खाली समुद्र दिसला. काकांनी भिंगाच्या लोखंडी खांबाला मिठी मारली.

मावशीने मशीन थांबवलं. एवढ्या वर्षांत तिने त्यांना जमिनीपासून एवढं लांब कधी पाहिलं नव्हतं. तिला आनंद झाला होता, पण तो दाखवायला वेळ नव्हता.

"आलाच आहात तर हे टोक धरा," ती म्हणाली.

काकांनी एक हात खांबाला ठेवून दुसऱ्याने टोक धरलं. सकाळी ऊन आलं तेव्हा खोलीभर पडदे होते. फुलांची चादर, चौकड्यांची चादर, चहाचे डाग पडलेला रुमाल आणि समुद्राच्या बाजूला पाय पसरून उभे केलेले काकांचे दोन निळ्या पट्ट्यांचे पायजमे. दुपारी बंदरातून राखणदाराला फोन आला. एका जहाजाच्या कप्तानाला विचारायचं होतं की दीपगृहातून ही कसली खूण केली जात आहे.

परत निघायची वेळ झाली तेव्हा काका खाली यायला तयार होईनात. चढताना पायऱ्या मोजक्याच दिसतात, उतरताना सगळ्या दिसतात, आणि शिवाय खाली ती अंड्यावर बसलेली बाई आहेच, असं ते म्हणाले. मावशीने रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. राखणदार मात्र हरखला. राहू द्या की ताई, पत्त्यांना जोडीदार होईल, असं तो सारखा म्हणत राहिला. शेवटी घरचं काम खोळंबलं होतं म्हणून मावशी एकटीच परतली.

पिल्लू चालतं होईपर्यंत महिना गेला. गार्डने स्वतः फोन करून ही बातमी कळवली, आवाजात इतकं कौतुक की मावशीला वाटलं याच्याच घरी पाळणा हलला. पिल्लाला पंख फुटताहेत आणि तुमच्या यजमानांनाही आता घरी न्यायला हरकत नाही, असं तो म्हणाला.

मावशी गेली तेव्हा काका काचेच्या खोलीत, अंगात राखणदाराचा भोकाचा सदरा घालून, सहलीला आलेल्या मंडळींना दीपगृहाचा इतिहास सांगत होते. त्यातलं बरंचसं त्यांनी पत्ते खेळताना रचलेलं होतं. एका राणीने नवऱ्याची वाट बघायला हा बुरूज बांधला, असं ते सांगत असतानाच दारात मावशी दिसली आणि गोष्ट तिथेच थांबली.

"राणी आली," राखणदार म्हणाला.

काका उतरले ते तोंड भिंतीकडे आणि पाठ जिन्याकडे करून, उलटे, एकेक पायरी चाचपत. मावशी त्यांच्या खालच्या पायरीवर होती आणि त्यांची टाच धरून खाली ठेवत होती. वाटेत तिने त्यांना जेवणखाण, झोप, खोकला सगळं विचारून घेतलं. काकांनी विचारलं, माझ्यावाचून अडलं का काही? मावशी म्हणाली, छे, काही नाही, फक्त स्टूल धरायला कुणी नव्हतं म्हणून महिनाभर अंधारात जेवले.

काकांनी पुढची टाच आपणहून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "जरा हळू धर गं. गुदगुल्या होतात."