जुलैतला नाताळ आणि माझा निरोपसमारंभ

रूथ आणि अमोल,

कुवेतमध्ये माझा निरोपसमारंभ अगदी रीतसर पार पडलेला आहे. केक, भाषणं, डोळे पुसणं, सगळं झालं. मी अजून कुवेतमध्येच आहे.

परवा फोनवर रूथने विचारलं, "आजी, व्हाय आर यू फ्रायिंग क्रिसमस थिंग्ज इन जुलै?" मी म्हटलं, सांगते. तेवढ्यात तिच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झाली. (तुमची नेहमी कसली तरी वेळ झालेली असते.) म्हणून आता लिहूनच पाठवते. पप्पा वाचून दाखवेल. वाचता वाचता तो मध्येच खाकरला, तर समजा की तिथे त्याच्याबद्दल काहीतरी आहे आणि तो ते गाळतोय.

अमोल पहिलीत होता, त्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरात आजोबांच्या कंपनीत शटडाउन असतो. म्हणजे यंत्रं बंद करून खोलायची आणि त्याबरोबर इंजिनियरांच्या रजाही बंद! तिकडे तुमची मम्मी हॉस्पिटलात, नाताळात तिची ड्यूटी ठरलेली. त्यामुळे कित्येक नाताळ आम्ही दोघांनी इथे कुवेतच्या महबूला भागात, चौथ्या मजल्यावर, एकमेकांना शुभेच्छा देऊन साजरे केले. दोनच माणसं असली की शुभेच्छा चटकन संपतात. सकाळच्या चहाआधीच सण उरकायचा आणि मग आजोबा कामावर, मी क्लिनिकमध्ये पेशंटांच्या फायली लावायला.

मग एकदा विनयचा, म्हणजे तुमच्या पप्पाचा फोन आला.

"आई, जुलैत मुलांना सुट्टी आहे. आम्ही येतो. नाताळ तेव्हाच करू."

"जुलैत? अरे, इथे पन्नास डिग्री असतं!"

"इकडे दक्षिण गोलार्धात आमचा नाताळ उन्हाळ्यातच असतो ना? मुलांना सवय आहे."

मला या युक्तिवादात काहीही चूक दिसली नाही. मुलगा घरी येतो म्हणाला की आईला कुठल्याच युक्तिवादात चूक दिसत नाही.

मी कामाला लागले. तुम्हाला माहीत आहे, माझं सगळं शिस्तीत असतं. दिवाणखान्यात तुमच्या गाद्या घालायच्या म्हणून मोठा सोफा बाहेर पॅसेजमध्ये ठेवला. माळ्यावरच्या चार बॅगा काढल्या, कारण नाताळचा तारा, झालरी, दिवे त्यांतच होते. बॅगांना कुबट वास येत होता, म्हणून त्याही उघड्या करून सोफ्यावर वाळत ठेवल्या. मग करंज्या! जुलैच्या उन्हात गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. तिथे करंजीच्या साट्याचं काय होणार? तूप नुसतं वाहत होतं. शेवटी मी बेडरूम बंद केली, एसी सोळावर ठेवला, स्वेटर आणि कानटोपी चढवली आणि इस्त्रीच्या टेबलावर पोळपाट मांडला.

आजोबा दार उघडून बघतच राहिले. "अगं, बाहेर माणसं भाजून निघतायत आणि तू कानटोपी घालून लाटतेयस?"

"नाताळ आहे," मी म्हटलं. "दार लावा, थंडी बाहेर जातेय!"

आता आमची नगरची पद्धत अशी, की नाताळचं फराळाचं ताट आधी शेजारीपाजारी जातं. वर विणलेला रुमाल, खाली करंज्या, चकल्या, अनारसे. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं की आम्हा साळव्यांकडून ताट आलं म्हणजे नाताळ आला. मीही तशीच इमारतभर ताटं पाठवली. चिठ्ठीशिवाय!

पण ही नगरची गल्ली नव्हती, हे महबूला होतं. इथे प्रत्येक जण कधी ना कधी कायमचा परत जाणार असतो आणि बहुतेक जण शाळा संपल्यावर, जुलैतच जातात. जाण्याआधी घरोघर मिठाई देतात, नको ते सामान पॅसेजमध्ये काढतात आणि बॅगा उघडतात. म्हणजे मी काही विसरले नव्हते. जाण्याची एकूण एक खूण बिनचूक केली होती.

पहिल्या आल्या समोरच्या देवरे वहिनी, नाशिकच्या. रिकामं ताट कसं परत करायचं म्हणून त्यात गूळपापडी घालून आणली होती. डोळे लाल.

"काकू, करंजी घशाखाली उतरेना हो!"

"खुसखुशीत नाही झाल्या का?"

"तसं नाही हो. तुम्ही नसाल तर या मजल्यावर राहिलं काय?" असं म्हणून त्यांनी नाक पुसलं आणि त्यांची नजर सावकाश माझ्या फ्रिजकडे वळली. "काकू, हा फ्रिज... कुणाला शब्द नाही ना दिलात?"

मला वाटलं, पाहुणे येणार म्हणून बिचारीला माझ्या फ्रिजमधल्या जागेची काळजी. म्हटलं, "छे हो, तुम्हाला हवं तेव्हा या!" (या वाक्याची किंमत मला पुढे कळली.)

दुसऱ्या दिवशी पॅसेजमधला सोफा गायब. इमारतीचा रखवालदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, तो जिन्यात भेटला. मी विचारलं, तर छातीवर हात ठेवून हसला, "मामा, खलास! तिसरा मजला, बहोत खुश!" (मामा म्हणजे त्याच्या भाषेत आई.) माझा सोफा त्याने दान करून टाकला होता आणि पुण्य माझ्या नावावर जमा केलं होतं!

त्याच संध्याकाळी मी क्लिनिकमधून आले, तर घरात एक अनोळखी जोडपं पडद्यांची मापं घेत होतं. आजोबा बनियनवर, हातात करंज्यांची बशी. "हारिसने पाठवलंय यांना. तुझ्या ओळखीचे ना?" ते कुजबुजले. "मी सरबत दिलं. बाई मघापासून बाथरूमच्या टाइल्स ठोकून बघतायत."

"अंकलजी बहुत अच्छे हैं," बाई म्हणाल्या. "आप लोग खाली कब कर रहे हैं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते जोडपं गेल्यावर मी आणि आजोबा इतके हसलो, इतके हसलो, की फोन वाजत होता तो आधी ऐकूच आला नाही.

विनय होता. अमोलने ट्रॅम्पोलिनवरून उडी मारून हात मोडला होता. प्लास्टर, पुन्हा एक्सरे, प्रवास नको. "आई, यंदा नाही जमणार गं." मी म्हटलं, "अरे, हात आधी. नाताळ काय, येतो दरवर्षी." फोन ठेवला. गाद्या घालून ठेवलेल्या होत्या. सोफा नव्हता, म्हणून मी तुमच्याच गादीवर बसले. आजोबांनी टीव्ही लावला आणि आवाज बंद ठेवला. घरात एवढ्या चकल्या होत्या आणि त्या खायला दोन माणसं, त्यातल्या एकाला दात कमी.

शुक्रवारी दारावरची बेल वाजली. दार उघडलं, तर अख्खी इमारत! पुढे देवरे वहिनी, त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरची नर्स सूसन, हातात हा एवढा केक. त्यावर क्रीमने लिहिलेलं, 'वुई विल मिस यू'. सगळे आत शिरले, गाद्यांवर दाटीवाटीने बसले. आजोबा म्हणायला लागले, "अहो, पण आम्ही कुठे..." मी त्यांचा पाय दाबला. जोरात! घरात इतकी माणसं कधी आली होती? जरा बसू देत की.

भाषणं झाली. सूसन हिंदीत म्हणाली की तिचं बाळ आजारी असताना आंटीने खिचडी पाठवली होती. मला ती खिचडी आठवतसुद्धा नव्हती. मी रडायला लागले आणि मला रडताना बघून सगळे रडले.

"काकू, विमान कधीचं?" कुणीतरी विचारलं.

"येणार होतं," मी म्हटलं. "आता नाही येणार." आणि मग सगळं सांगून टाकलं. नाताळ, नातवंडं, ट्रॅम्पोलिन.

सगळे आधी माझ्याकडे, मग केककडे बघायला लागले. मग देवरे वहिनींनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे... फ्रिज नाही?"

असा हशा उसळला, की हारिस धावत वर आला! सूसनने सुरीने केकवरची अक्षरं सपाट केली, त्यावर एक वाकडा तारा काढला आणि म्हणाली, "आंटी, क्रिसमस तो करना है ना? चलो, गाना शुरू करो!" आजोबांनी मराठी भजन धरलं, सूसनने मल्याळम. ताल कुणाचाच कुणाला जुळला नाही. देवरे वहिनींनी टाळ्या मात्र दोन्हींना वाजवल्या.

सोफा परत आला नाही. त्या घरातली मुलं त्यावर इतकी आनंदाने उड्या मारत होती की मागायचा धीर झाला नाही.

आता मुद्द्याचं. तेव्हापासून दर जुलैत लोक मला जिन्यात अडवून विचारतात, "काकू, यंदा नाताळ कोणत्या शुक्रवारी?" मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी एसी सोळावर ठेवते आणि स्वेटर घालून लाटायला बसते. रूथ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. जुलैतला नाताळ अजून चालू आहे. तुम्ही सोडून सगळे येतात.