काचेच्या पेटीतला तवा

माझ्या आईचा लोखंडी तवा सध्या पेनसिल्व्हेनियातल्या एका चॅपलच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत बसलाय. वरून दिवासुद्धा सोडलाय त्याच्यावर. शेजारच्या कार्डावर लिहिलंय की हा तवा माझ्या सासूबाईंच्या आजीनं वेल्समधल्या खाणीच्या गावातून बोटीनं आणला. वेल्स! आईनं कराडच्या बाजारात, वाकडा तर नाही ना म्हणून दुकानदाराच्या फरशीवर ठेवून पारखून घेतलेला तवा, आणि म्हणे वेल्स.

आम्ही तिथून दीड-दोन तासांवर, वेस्ट विंडसरला राहतो, पण नवरा त्या पेनसिल्व्हेनियातल्या गावचा. लहानपणी ज्या दगडी पाट्यांवर आम्ही बाराखडी गिरवली, तसला दगड खणायला त्याचे पूर्वज वेल्सहून इकडे आले. खाणी कधीच बंद पडल्या. गावामागे फुटक्या पाट्यांचे काळे डोंगर तेवढे उरलेत.

या सगळ्या गोष्टी मला सासूबाईंनी सांगितल्या. मी त्यांना 'मॉम' म्हणायची. इथल्या सुना सासूला खुशाल नावानं हाक मारतात, माझी जीभ काही वळली नाही. त्यांच्या पोरांना जुन्या गोष्टींचा कंटाळा. नणंद तर "नॉट अगेन, मॉम" म्हणून उठूनच जायची. ऐकायला मी एकटी. तिकडे वेल्समध्ये सगळ्यांची आडनावं तीच ती तीन-चार, म्हणून एक घर 'पाववाल्यांचं', एक 'लंगड्याचं', यांचं 'वरच्या नळाचं'. मला हसूच आलं. आमच्या गावात तरी काय वेगळं होतं? आम्ही 'चिंचेखालचे'. मॉमना ते इतकं आवडलं की फोनवर मला विचारायच्या, "चिंचेखाली काय चाललंय आज?"

आणि एक गोष्ट त्या दर वेळी सांगायच्या. तिकडून येताना आजीनं काही म्हणजे काहीच आणलं नव्हतं. अंगावरचे कपडे आणि प्रार्थनेचं पुस्तक. मनुका घातलेले छोटे चपटे केक भाजायचा जाड तवा होता आजीचा, तो तिकडेच राहिला. हे सांगताना मॉमचे डोळे भरायचे. त्या स्वतः नॉनस्टिकवर केक भाजायच्या, आणि खरं सांगते, पुठ्ठा लागायचा.

मग एका ख्रिसमसला मी माझा तवा घेऊन गेले. लग्न करून इकडे येताना आईनं बॅगेत साड्यांच्या खाली घातलेला. वजन जास्त होतंय म्हणून वडील कुरकुरले, तेव्हा आईनं दोन साड्या काढल्या, तवा नाही काढला. त्याच्या काठावर आईचं आणि गावाचं नाव छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं. लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडे होतात, म्हणून आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव घालतात. पातेल्यांवर सगळेच घालतात, आईनं तवाही सोडला नाही.

त्या तव्यावर पहिला केक फुलला, तशी मॉमनी मला मिठीच मारली. "अगदी आजीसारखा!" म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "राहू दे माझ्याकडे? तुझाच आहे. मी गेले की घेऊन जा." मी ठेवला. आई तोवर गेली होती. तिची म्हणावी अशी ती एकच वस्तू माझ्याकडे होती, तरी ठेवला. मॉमवर जीव होता माझा.

मागच्या हिवाळ्यात मॉम गेल्या. घर आवरायला बहीण-भाऊ गेले, तेव्हा नवऱ्याला बजावून सांगितलं, दुसरं काही नको, माझा तवा आण. तो हात हलवत आला. "सापडला नाही गं. मिळेल कुठेतरी." मी रडले, तर पाठीवरून हात फिरवला त्यानं. मेल्याला लाज कशी वाटली नाही!

आणि परवा गावच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं, म्हणून आम्ही गेलो. हॉलमध्ये जुने फोटो, खाणीतली हत्यारं, कॉफीचं टेबल. आणि मधोमध पेटीत माझा तवा. मला आधी आनंदच झाला, काय सांगू! सापडला म्हणून. मग कार्ड वाचलं. खाली एक ओळ होती: 'काठावरची ठिपक्यांची नक्षी बहुधा लोहाराची खूण असावी.'

"हे कुणी लिहिलं?" मी नवऱ्याला विचारलं. तो कॉफीत बघत राहिला.

आता ऐका. या माणसानं लग्नाआधी माझ्यावर छाप पाडायला देवनागरी शिकून घेतली होती. आमच्या गावात दुकानांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत फिरायचा, पोरं मागे लागायची त्याच्या. माझ्या आईचं नाव त्यानं त्याच तव्यावरून वाचलं होतं, आईसमोर, आमच्या स्वयंपाकघरात. आई पदरात तोंड लपवून हसली होती.

"लोहाराची खूण?" मी म्हणाले.

"मॉमची इच्छा होती," तो म्हणाला. "शेवटी शेवटी ती सगळ्यांना तसंच सांगायची. तिला वाटायचं, तिकडून काहीतरी आलेलं असावं. आमच्याकडे काहीच नाही गं. तुझ्याकडे अख्खं गाव आहे अजून."

"माझ्याकडे तवा होता," मी म्हणाले.

म्हणजे मॉमसुद्धा. ज्या बाईच्या गोष्टी मी मुलीच्या मायेनं ऐकल्या, त्याच बाईनं माझी आई पुसली आणि तिथे स्वतःची आजी बसवली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तेवढ्यात नणंद आली आणि माझा दंड धरून कुजबुजली, "प्लीज, आज सीन नको. आपण फॅमिली आहोत ना?" चोर ते चोर, वर शिरजोर!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नवऱ्याला पेटीसमोर ओढलं. "वाच," म्हटलं. "मोठ्यानं वाच."

"इथे नको," तो म्हणाला.

मग मीच वाचलं. आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. काच होती मध्ये, पण मला वाचायची गरज होती कुठे? आवाज चढला माझा. खुर्च्यांवरची म्हातारी माणसं वळून बघायला लागली. यांच्यापैकी कुणालाही वेल्श येत नाही. वेल्श प्रार्थना म्हणतात त्यासुद्धा इंग्रजी स्पेलिंगनं उच्चार लिहून, पाठ करून, अर्थ न कळता.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली. माझ्याजवळ आली, माझा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझी आजी असंच बोलायची," ती म्हणाली. "किती वर्षांनी ऐकलं. वेल्श ना हे?"

तिनं विचारलं मला, पण बघत होती माझ्या नवऱ्याकडे. गावचा मुलगा तो. मीही त्याच्याकडेच बघत होते. एक शब्द पुरला असता.

"येस," तो म्हणाला.