भिकन पाटील कुठे वारले?

"ताई, गावच्या रजिस्टरमध्ये बाबांचं नाव नाही. सुरतच्याही नाही. मग माझे बाबा मेलेच नाहीत का?"

रोहिणीने माझ्या टेबलावर नोटीस आपटली. पोरगी सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये कापड चेकिंगला. वय चोवीस. सुरतेतच कोसाडला वडिलांच्या नावावर सरकारी फ्लॅट, त्यात ती एकटीच राहते. आई मागच्या वर्षी गेली. नोटिशीत लिहिलं होतं, मूळ धारकाने आठ दिवसांत स्वतः हजर राहावं, नाहीतर त्याच्या मृत्यूचा दाखला द्यावा. दोन्ही नसेल तर फ्लॅट रिकामा धरून सील करणार.

"बाबांना कुठून हजर करू?" ती म्हणाली.

मी वकिलाच्या ऑफिसात सर्च क्लार्क आहे. म्हणजे जुने कागद हुडकते. जमिनीचे, लग्नाचे आणि सगळ्यात जास्त मरणाचे. बावीस वर्षं झाली, तरी कागद हरवलाय असं कुणी म्हणालं की माझे हात शिवशिवतात.

आमचे साहेब पक्के सुरती. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेन, आमां तो मोडी नोंधणीज करवी पडे." मोडी नोंधणी म्हणजे उशिराची नोंद. त्याला वरच्या साहेबाची ऑर्डर लागते. महिने जातात.

"साहेब, आपल्याकडे आठ दिवस आहेत."

"तो शोधी काढो!" असं म्हणून ते कोर्टात निघून गेले. मला हेच हवं होतं.

मी रोहिणीला विचारलं, "नीट आठव. बाबा कुठे वारले?"

"गावाला. अमळनेर तालुक्यात. मी आठ वर्षांची होते. बाबा कामावर गेलेले. दुपारी आमच्या बिल्डिंगखाली टेम्पो आला. बाबांच्या कारखान्यातले मास्तर, म्हणजे मुकादम, होते. म्हणाले, भिकनची तब्येत सिरीयस आहे, गावाला नेतोय. बाबा मागे झोपलेले. डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय म्हणून आम्हाला मागे बसू दिलं नाही. मी आणि आई पुढे, ड्रायव्हरशेजारी. गावी उतरलो तेव्हा बाबा गेलेले."

गावी तिचे काका. त्यांना फोन लावला.

"भाऊ गाडीमा सिरीयस व्हता, ताई," काका म्हणाले. "आठे उतारा तवय गयेल व्हता. अग्नी आठेच दिधी. मंग नाव आठेच पाहिजे ना?" आठे म्हणजे इथे, गावाला.

मी खुर्चीतून उठलेच. अहो, मी पण खानदेशाचीच! आमच्या लोकांत मरणाची बातमी थेट देत नाहीत. माणूस गेला तरी 'सिरीयस आहे, निघा' एवढंच सांगतात. नाहीतर बायका रडून आडव्या होतील आणि सगळ्यांना घेऊन अडीचशे किलोमीटर जाणं कठीण. माझ्या आईला माझ्या मामाचं असंच सांगितलं होतं. बिचारी वाटेत त्याच्यासाठी संत्री घेऊन गेली.

आता यातली गोम सांगते. मृत्यूची नोंद जिथे माणूस वारला तिथे होते. जिथे जाळलं तिथे नाही. हजार लोकांना विचारा, 'कुठे वारले?' म्हटलं की चिता जिथे पेटली त्या गावाचं नाव सांगतील. भिकन पाटील टेम्पोत चढवले तेव्हाच गेलेले असणार, ही माझी खात्री झाली. ते मी रोहिणीला लगेच सांगितलं नाही. खात्री असणं वेगळं आणि कागद हातात असणं वेगळं.

"बाबा तेव्हा कामाला कुठे होते?"

"माहीत नाही. सारखे कारखाने बदलायचे. मास्तरांचं नाव सुकलाल, एवढंच आठवतं."

महापालिकेत नोंद नाही, म्हणजे हद्दीबाहेरचं खेडं. सुरत जिल्ह्यात खेडी काय थोडी आहेत? एकेका तलाट्याकडे गेले असते तर आठ दिवसांचे आठ महिने झाले असते. मला निधनाची पत्रिका हवी होती. गंधमुक्तीची, म्हणजे दिवसकार्याची छापील पत्रिका. त्यात कधी, कुठे, सगळं असतं. पण ती कुणाच्या घरी मिळणार? मरणाचा कागद घरात ठेवत नाहीत. वाचला की लगेच फाडतात. रोहिणीने तरी सुरतेतल्या सहा नातेवाइकांना फोन केले. सहाही जणांनी तिलाच वेड्यात काढलं.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाचणारे फाडतात. छापणारा कशाला फाडेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सुरतेतल्याच उधन्याला. तिथे आमच्या लोकांच्या पत्रिका छापणारे प्रेस मोजकेच. पहिल्या दोघांनी हात झटकले. तिसरे एक म्हातारे काका.

"ठेवतो ना एकेक," ते म्हणाले. "गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, अमक्याची होती तशी करा. पण घरी बायको ठेवू देत नाही. आणि दुकानात लग्नाच्या फायलींजवळ नको म्हणते."

त्यांनी माळ्यावरून तीन गठ्ठे खाली टाकले. धूळ अशी की आम्ही दोघी शिंकून बेजार. एक रोहिणीने घेतला, एक मी. काळ्या चौकटी, हात जोडलेले फोटो, 'विनीत' आणि 'शोकाकुल'. तासाभराने रोहिणी ओरडली, "ताई!"

भिकन पाटलांचा फोटो. खाली छापलं होतं, 'मंगळवारी सकाळी अल्पशा आजाराने निधन'. आणि पुढे चलथाणजवळच्या एका खेड्याचं नाव! खाली, विनीत, सुकलाल मास्तर आणि कारागीर मित्रमंडळ. सुरतेतल्या ओळखीच्या लोकांसाठी मास्तरांच्या नावाने कारागिरांनी छापून घेतलेली. गावाकडे गेलीच नसणार.

मी प्रेसवाल्या काकांचे दोन्ही हात धरून हलवले. ते घाबरले. रोहिणी मात्र पत्रिका धरून उभी होती. 'सकाळी' या शब्दावर बोट ठेवून.

तशाच रिक्षाने चलथाण आणि तिथून पुढे. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर आडवे. मी रिक्षावाल्याला इतकी घाई केली की तो म्हणाला, "मौसी, अंदर बैठो, गिर जाओगी."

ग्रामपंचायतीत तलाटी भेटले. आपल्याकडचा ग्रामसेवक जे काम करतो, ते गुजरातेत तलाटी करतो. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, तो महिना उघडला, त्या मंगळवारच्या तारखेवर बोट ठेवलं.

"बेन, आवा नामनी एन्ट्री नथी."

रोहिणीचा चेहरा उतरला. मी मात्र हसले. रजिस्टर मरणाच्या तारखेने लिहीत नाहीत. खबर ज्या दिवशी मिळाली त्या दिवशी लिहितात. मास्तर तर गावी गेलेला. गंधमुक्ती आटोपून परत आला असेल तेव्हा पंचायतीत गेला असेल.

"साहेब, पंदर दिवस आगळ जुओ ने!"

त्यांनी पानं उलटली. एक, दोन, तीन. मी टेबलावर अशी वाकले होते की माझा पदर त्यांच्या चहात.

"भिकन पाटील," तलाट्यांनी वाचलं. मृत्यूचं ठिकाण, सुकलाल मास्तरांची खोली. खबर देणारा, सुकलाल स्वतः.

मी टाळीच वाजवली! सरकारी कचेरीत, या वयात. तलाटीही हसले.

रोहिणी बाकावर बसली होती. तिने विचारलं, "म्हणजे टेम्पो आमच्याकडे आला तेव्हा बाबा नव्हतेच?"

"नव्हते गं. सकाळीच गेले होते."

ती म्हणाली, "ताई, टेम्पोला मागे काच होती. तिच्यातून बाबा दिसत होते. मला हाक मारावीशी वाटली. पण मास्तर म्हणाले होते, झोपू दे. मग मलाच झोप लागली. मला इतकी वर्षं वाटायचं, मी हाक मारली असती तर ते उठले असते."

मी तिला जवळ घेतलं, आणि तलाटी उगाचच खिडकी उघडायला गेले.

दाखला त्याच दिवशी मिळाला. बाकीचे कागद जोडून सहाव्या दिवशी आम्ही तो फ्लॅटच्या ऑफिसात दिला. आमचे साहेब म्हणाले, "बेन, तमे तो गजब करो छो," आणि वारसाची फाइल स्वतः हाताने लिहिली. आता कोसाडच्या त्या फ्लॅटवर रोहिणीचं नाव आहे.

या केसनंतर मी अशिलांना 'कुठे वारले' हे विचारायचं सोडलं. 'घरातून शेवटचे निघाले तेव्हा कुठे गेले होते' असं विचारते. उत्तर लवकर मिळतं.

आणखी एक. पंचायतीत मी रोहिणीला सांगितलं होतं, दाखल्याच्या चार प्रती घे, चार ठिकाणी लागतील. तिने पाच मागितल्या.

"पाचवी कुठे द्यायची आहे?" मी विचारलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली, आणि ती प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, एक प्रत जास्तीची घ्या. प्रत्येक वेळी ती ऑफिसातच लागते असं नाही.