अमाकाच्या डोक्यावरचं कापड

आमच्या शेजारी राहायला आलेली नायजेरियाची अमाका आज लिफ्टमध्ये भेटली, ती डोक्याला पिवळंधमक कापड बांधून. नुसती राणी दिसत होती! मला राहवेना. म्हटलं, "मलाही बांधून देशील?"

सोबतच्या नातीने चिमटा काढला. "आजी, ती त्यांची ओळख आहे, आपली हौस नाही!"

अमाका हसली. "माझ्या आजीने शिकवलंय. तुम्हालाही बांधते की!"

त्या न पाहिलेल्या आजीवर मी मनातून जळले. सासूबाई मला नऊवारी नेसायला शिकवायला निघाल्या, तेव्हा मी दीडशहाणी म्हणाले होते, "एवढा वेळ कुणाला आहे?" परवा नातीसाठी शिवलेली नऊवारी विकत आणली. पाठीमागची चेन तेवढी मी ओढून दिली.