माशांची घरभरणी

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही काम सरळ केलेलं नाही, आणि वाकडं झालेलं एकही काम आपल्या हातून झालं असं कबूल केलेलं नाही. हे मी रागानं लिहीत नाही, वीस वर्षं पाहून आणि पडताळून लिहितो आहे. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार पाहिलेला मी पहिला. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, धुळ्याला हायस्कुलात विज्ञान शिकवतो, आणि पुराव्याशिवाय बोलत नाही. साडू दहावीनंतर आय.टी.आय. करून भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर म्हणून लागले. मूळ गाव सोनगीरजवळचं, त्यामुळे बोली अहिराणी. कॉलनीत इतकी वर्षं राहूनही केळीला 'केयी' आणि उन्हाळ्याला 'उन्हाया' म्हणणं सुटलं नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझ्याही घरी तीच भाषा. माझं म्हणणं आहे ते बाकी सगळ्याबद्दल.

त्यांचं काम काय, तर कंट्रोल रूममध्ये बसून काटे पाहायचे आणि दर तासाला वहीत आकडे लिहायचे. असं काम माणसानं फाटकापाशी सोडून घरी यावं. यांनी ते घरी आणलं. स्वयंपाकघरात अक्कांच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, कुकरला त्यांनी भंगारातला एक दाबमापक बसवला होता. काटा अमुक रेघेवर आला की मगच गॅस बंद करायचा, शिट्टी मोजायची नाही. शिट्टी ही अशिक्षित पद्धत. त्या घरी वरण एकतर कच्चं असायचं किंवा त्याचं पाणी झालेलं असायचं, आणि दोन्ही वेळा साडू ताट पुढे ओढून म्हणायचे, "रीडिंग बरोबर व्हतं. डाळ चुकनी." आमच्याकडे पाहुणे म्हणून आले की पाच मिनिटांत यांच्या हातात पकड. माझं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी न विचारता दुरुस्त केलं. तेव्हापासून ते फक्त आडवं ठेवलं तरच चालतं. आम्ही ते टेबलावर ठेवतो आणि वेळ पाहायला वाकतो. माझ्या घराच्या वास्तुशांतीला भटजी मंत्र म्हणत होते आणि हे गृहस्थ बोटाच्या पेरानं भिंती ठोकत फिरत होते. आहुती पडत असताना साऱ्या पाहुण्यांच्या देखत त्यांनी जाहीर केलं, "मास्तर, प्लास्टर पोकळ शे." हायस्कुलातल्या शिक्षकाला हे मास्तर म्हणतात. प्राथमिक शाळेतल्यालाही मास्तरच. माझी पदवी त्यांनी कधी हिशेबात धरली नाही. कुठल्याही विषयावर मी दोन वाक्यं बोललो की म्हणायचे, "ते पुस्तकमा ठीक शे."

अशा माणसानं मासे पाळावेत हे कुणालाच खरं वाटलं नसतं. मासे त्यांचे नव्हतेच. ते त्यांच्या एकुलत्या मुलीचे, उषाचे. कॉलेजात असताना तिनं जळगावच्या एका दुकानातून दोन सोनेरी मासे प्लास्टिकच्या पिशवीतून आणले आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडले. दोन वर्षं साडूंनी त्या बरणीकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे उषाचं लग्न झालं, दोंडाईच्याला, घर मोठं, शेती मोठी. निघताना सगळ्या मुली रडतात तशी तीही रडली, पण गाडीत पाय ठेवताना वळून म्हणाली, "नाना, माझे मासे सांभाळा. अखाजीला आले की मोजून घेईन." आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते. येतेच. लग्नानंतरची पहिली अखाजी तर चुकतच नाही.

त्या एका वाक्यानं साडूंची गत पाहण्यासारखी झाली. बरणीत थर्मामीटर लोंबकळू लागला. भिंतीवर खिळा ठोकून एक वही टांगली गेली, आणि तिच्यात प्रत्येक पाळीचे आकडे. सकाळी पाण्याचं तापमान इतकं, मासा नंबर एक नॉर्मल, मासा नंबर दोन नॉर्मल. रात्रपाळीला जाताना हे काम अक्कांकडे, आणि अक्कांनी सही करायची. मी सांगितलं, मासा आजारी पडला तर थर्मामीटर पाहून कळत नाही. म्हणाले, ते पुस्तकमा ठीक शे. मग अखाजी तीन महिन्यांवर आली तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं की बरणी लहान आहे. पोरगी येईल आणि बाप म्हणून काय दाखवायचं, लोणच्याची बरणी? मोठी काचेची पेटी पाहिजे. चार फुटी.

बाजारात तयार पेट्या मिळत होत्या. पण विकत घेतली तर ती सरळ आली असती. यांनी लोखंडी अँगलचा सांगाडा वेल्ड केला, खिडकीच्या काचा आणल्या, खिडकीच्या काचांना लावतात तीच लांबी, म्हणजे पुट्टी, सांध्यांत भरली आणि कॉलनीतल्या चार ऑपरेटरांना बोलावून बॉयलरची करतात तशी पाणी भरून चाचणी घेतली. लांबी सुकलेली नव्हती. बैठकीच्या खोलीत अक्कांनी वर्षाचे गहू पसरले होते. पुढचं लिहीत नाही. साडूंनी वहीत लिहिलं: चाचणी समाधानकारक, गळतीची जागा सापडली. दुसऱ्या खेपेला जाड काच आली आणि पेटी टिकली. ती ठेवायला टीव्ही जमिनीवर उतरला. मग तळाला घालायला तापीचे गोटे आले. ते निर्जंतुक करायला अक्कांच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात तीन दिवस उकळत होते, आणि शेजारीण विचारून गेली की भाजीचा वास कसा येत नाही.

इथवर मी सहन केलं. मग धुळ्याला पोस्टकार्ड आलं. "आमचेकडे माशांची घरभरणी योजिली आहे, तरी सहकुटुंब येणेचे करावे." मी ते कार्ड शाळेत कुणाला दिसू नये म्हणून खिशात घातलं आणि रजेच्या अर्जावर 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं. आता घरभरणी म्हटली की आमच्याकडे रिकाम्या हातानं कुणी जात नाही. आणि घर माशांचं, तर आहेर काय न्यायचा, हा प्रश्न साऱ्या नातेवाइकांना पडला. कुणी नारळ आणला, कुणी साडूंना टोपी-टॉवेल. कॉलनीतल्या एकानं डास मारायला हौदात सोडतात ते गप्पी मासे आणले, चांगले तीस-चाळीस. साडू हरखले. "वस्ती वाढनी पाहिजे," म्हणाले.

खुद्द प्रवेशाचा सोहळा मी डोळ्यांनी पाहिला. अक्कांनी बरणीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. साडूंनी बरणी पेटीच्या पाण्यात तासभर नुसती बुडवून ठेवली, आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं होईपर्यंत. मग ती हळूहळू कलती केली. ही शास्त्रीय रीत आहे आणि मला ती त्यांना सांगायची होती. पण माझ्या तोंडून निघायच्या आतच त्यांनी ती आपल्या मनानं केली, याचाच मला जास्त राग आला. दोन सोनेरी मासे चार फुटी पाण्यात गेले आणि एका कोपऱ्यात, बरणीएवढ्याच जागेत, गोल फिरत राहिले. साडू काचेला नाक लावून त्यांना म्हणत होते, "चाला ना तिकडे. बठ्ठं घर तुमनंच शे."

तेवढ्यात व्याही आले. उषाचे सासरे, पांढरं धोतर, दमदार माणूस. मागे गडी, गड्याच्या हातात दुधाची कॅन. "सूनबाईच्या माशांना सोबत आणली," असं म्हणून त्यांनी झाकण उघडलं. आत मरळ होता. वीतभर लांब, काळा, सापाच्या तोंडाचा. सारंगखेड्याला तापीतून मुद्दाम धरून आणलेला. मी साडूंना स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात, पण स्वच्छ शब्दांत सांगितलं, की मरळ दुसऱ्या माशांवर जगतो, हा आत सोडला तर अखाजीला मोजायला काही उरणार नाही. पहिल्यांदाच ते पुस्तकावर काही बोलले नाहीत.

"माले ठाऊक शे," ते म्हणाले. "मी नदीकाठनाच शे, मास्तर. पन व्याहीना आहेर परत कसा देवाना?"

"सांगा की पेटी भरली म्हणून. सांगा की उद्या सोडतो."

"तेस्ना देखत सोडना पडी. पोर तेस्ना घरमा शे."

आणि बाहेर जाऊन त्यांनी हसतमुखानं तो मरळ पेटीत सोडला.

वरण-बट्टीची पंगत बसली. पहिली बट्टी कुस्करेपर्यंत गप्पी निम्मे झाले होते. व्याही ताटावरून मान वळवून वळवून पाहत होते. "जीव आहे माशात," ते कौतुकानं म्हणाले. साडू ताट सोडून उठले, खिडकीची जाळी कापून आणली आणि पेटीच्या मधोमध उभी घातली. एका बाजूला सोनेरी, दुसऱ्या बाजूला मरळ. "मोठा मानूसले स्वतंत्र खोली पाहिजे," असं त्यांनी व्याह्यांना समजावलं, आणि व्याह्यांना तो मान पटला. इतका पटला की निघताना म्हणाले, "सूनबाईला एवढा नाद आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. अखाजीहून परतताना हे दोन्ही सोनेरी घेऊन येऊ द्या तिला. अंगणात हौद बांधून ठेवतो."

साडू हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? चेहरा मात्र चाचणीच्या दिवशी झाला होता तसा झाला, पाणी पायाशी आल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरळ जाळीवरून उडी मारून पलीकडे गेलेला होता. मरळ उडी मारतो हे मी सांगणार होतो, पण पेटीला झाकण नाही हे मीही पाहिलं नव्हतं. एक सोनेरी मासा गोट्यांच्या आड धडधाकट होता, दुसऱ्याचं अर्धं शेपूट गेलेलं. साडूंनी दोघांना ओंजळीत धरून उचललं आणि परत लोणच्याच्या बरणीत सोडलं. बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली. अशा रीतीनं दोन महिने खपून, गहू भिजवून, टीव्ही जमिनीवर आणून बांधलेल्या त्या बंगल्यात दिव्याखाली, पंपाच्या बुडबुड्यांत, एकटा मरळ लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहू लागला. साऱ्या खानदेशात वीज जायची, पण दीपनगरात त्याचा पंप चालू. व्याह्यांचा आहेर म्हणून त्याला रोज सुकट नव्हे, जिवंत चिंगळ्या लागायच्या, आणि त्या आणायला साडू पाळी संपली की सायकलवर नदीला जायचे.

अखाजीला बायकोला बहिणीनं बोलावलं म्हणून मीही गेलो. उषा आली होती. कॉलनीत निंबाला झोके बांधलेले, घरात आमरसाचा वास. तिनं पेटीकडे पाहिलं, मरळाकडे पाहिलं, थेट स्वयंपाकघरात गेली आणि बरणी खाली घेतली. "एक. दोन." मग, "नाना, ह्याचं शेपूट?"

"ट्रिपिंग व्हयनं व्हतं," साडू म्हणाले. "आते लोड नॉर्मल शे."

ती खूप हसली. चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत वहीत माशांचे आकडे नाहीत, मी मुद्दाम पाहिलं. निघायच्या सकाळी तिनं बरणीला ओलं फडकं गुंडाळलं, तोंडाला मलमल बांधली आणि म्हणाली, "नाना, मासे नेते. सासऱ्यांनी हौद बांधला. इथं ठेवून तुम्हाला कशाला त्रास?"

साडू दारात चप्पल घालत होते. एक पाय चपलेत, एक बाहेर, तसेच थांबले. मग माझ्याकडे वळले. "हाई पोरले सांगा ना, मास्तर. तुम्ही शास्त्र शिकेल शेत. इतला उन्हायामा मासा गाडीमा टिकतीन का?"

वीस वर्षांत या माणसानं मला काही विचारलेलं नव्हतं. मला उत्तर माहीत होतं. ओलं फडकं गुंडाळलेल्या बरणीतले मासे सुरत पॅसेंजरमध्ये दोंडाईच्यापर्यंत सहज टिकतात. याच बरणीत त्यांनी भुसावळचे उन्हाळे काढले होते. मी चष्मा काढून पुसला आणि वर्गात बोलतो तशा आवाजात म्हटलं, "नाही टिकणार. गाडीत पाणी तापतं, पाण्यातला प्राणवायू उतरतो. त्यातून एक जखमी. दोन्ही दगावतील."

उषा माझ्याकडे पाहत राहिली, मग बापाकडे. बापाचं लक्ष चपलेत होतं. तिनं मलमल सोडली, फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं. "बरं," म्हणाली. "पावसाळ्यात न्यायला येते मग."

"ये ना," साडू म्हणाले.

भुसावळला आम्ही तिला गाडीत बसवलं. गाडी सुटली तरी साडू फलाटावर उभे. परत निघालो तेव्हा आभार वगैरे काही नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. स्टेशनाबाहेर सायकलचं कुलूप काढताना, खाली वाकलेलेच, ते म्हणाले, "पावसायानं कारन मी शोधेल शे. हिवायासाठे तुम्ही काही शोधी ठेवा, मास्तर."

धुळ्यापर्यंत एस.टी.त मी तोच विचार करत होतो. हिवाळ्यात पाणी गार पडतं, मासे सुस्तावतात, हे खरं आहे, पण तेवढ्यावर ती ऐकणार नाही. पोरगी बापावर गेलेली आहे. तिला आकडे लागतील.