तावडेबाईंसाठी न बोललेलं वाक्य

तावडेबाई गेल्याचं मला हजेरीच्या टेबलाशी कळलं. सोमवारची सकाळ, सहीसाठी रांग लागलेली, आणि टाइमकीपर कुणाला तरी सांगत होता, "आपल्या पाणी देणाऱ्या तावडेबाई हो... शनिवारी गेल्या. नाहूरला, राहत्या घरी. झोपेतच." रांग पुढे सरकली. मी सही केली, पेन मागच्याच्या हातात दिलं आणि जागेवर जाऊन बिलं तपासत बसले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या नेहमीच्या टेबलाशी जमलो तेव्हा त्यांचाच विषय निघाला. किती वक्तशीर, किती स्वच्छ, कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत... मालती म्हणाली, "बाई सोन्यासारखी होती गं. फक्त ते पैशाचं सोडलं तर..." आणि तिनं वाक्य अर्धवट सोडलं. पुढचं सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी ते मीच टेबलावरच्या या सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं.

आमचा कारखाना अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत. तावडेबाईंचे यजमान तिथे हेल्पर होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी बाईंना शिपाई म्हणून घेतलं. फायली पोचवायच्या, टेबलांवर पाणी ठेवायचं, साहेबांचा चहा. मालवणकडच्या, काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी बिल सेक्शनला क्लार्क. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे आणि पै-पैची चूक लाल शाईनं दाखवायची, हे माझं काम. माझ्या स्वतःच्या घराचा हिशेब मात्र मी कधी कागदावर मांडला नव्हता. बोरिवलीला नवा फ्लॅट घेतला होता, त्याचा हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा. मग बिल्डिंगमध्ये दोघांकडे आला म्हणून रंगीत टीव्ही आला, हप्त्यानं. ऑफिसात घाटकोपरच्या एक बेन साड्यांचं गाठोडं घेऊन यायच्या, पैसे सावकाश द्या म्हणायच्या. सावकाश म्हटलं की मला साडी फुकट वाटायची. वाण्याची वही चालू होतीच. मालतीकडून तीनशे घेतले, दुसरीकडून दोनशे घेऊन त्यातले मालतीला शंभर दिले. नवरा औषध कंपनीत फिरतीवर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवटी मालाडच्या एका सावकाराकडे मंगळसूत्र ठेवलं आणि गळ्यात खोटं घालून हिंडू लागले. हळदीकुंकवाला गेले की पदर गळ्याशी ओढून घ्यायची सवयच लागली.

पगाराच्या दिवशी बेन गेटवर उभ्या असायच्या. अशाच एका दिवशी मी जुन्या फायलींच्या खोलीत, रॅकच्या मागे जाऊन उभी राहिले होते. तावडेबाई फाइल न्यायला आल्या आणि मला पाहून थांबल्या.

"कोणाक चुकवतंस गो?"

मी म्हटलं, फाइल शोधतेय. त्यांनी रॅककडे बघितलं. पाच वर्षांपूर्वीच्या गेटपासांचे गठ्ठे होते ते. मग खिडकीतून गेटकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "ती बाई साडेसहापर्यंत हलणा नाय. जा, भेट तिका. पैसे नसले तर नसले, तोंड दाखव. तोंड चुकवल्यार माणूस चोर दिसता." आणि मग, मी रडायला लागल्यावर, "माझो घोव गेलो तेव्हा तेराव्याक सात जण दारात उभे. जेवूक नाय, मागूक. सात वर्षांत सगळ्यांचे दिले. तुझे किती जण?"

मी कधी मोजलेच नव्हते. त्यांनी रद्द झालेल्या एका व्हाऊचरची पाठ माझ्यापुढे केली. "लिही. आकड्याक कसली लाज? तो कोणाक सांगूक जाणा नाय." मी लिहिलं. सगळं मिळून चार हजार नऊशे साठ. कापून हातात येणारा माझा पगार तेव्हा साडेसातशे होता.

पुढची अडीच वर्षं मी त्यांच्या सांगण्यावर चालले. पहिली अट त्यांनी घातली ती नवऱ्याला सांगण्याची. सांगितलं. तो गळ्यातल्या त्या खोट्या मण्यांकडे बघत राहिला. पाचव्या दिवशी म्हणाला, "टीव्ही विकू या." टीव्ही खालच्या मजल्यावरच्यांनी घेतला. चौघांनी तो जिन्यावरून उतरवला आणि सगळे शेजारी दारात येऊन बघत होते. वाण्याची वही बंद केली. आधीचं थोडं थोडं फेडायचं आणि नवीन सामान रोखीनं, तेही यादी करून. स्टेशनपासूनची रिक्षा सुटली, पंचवीस मिनिटं चालत. शनिवारी संध्याकाळी बाई मला मालाडच्या बाजारात न्यायच्या. दिवस संपताना भाजीवाले वाटे स्वस्त लावतात, ती वेळ त्यांना बरोबर माहीत. पापलेटसमोर मी रेंगाळले की दंडाला धरून मांदेल्यांच्या पाटीकडे ओढायच्या. कोळीण हसायची, "मावशी, तुमची लेक काय गो?" बाई म्हणायच्या, "होय, उधळी लेक." कँटीनचं बटाटावड्याचं कुपन गेलं, नवऱ्याच्या सिगारेटी गेल्या, मुलाचा वाढदिवस घरच्या शिऱ्यावर झाला. महिन्याच्या एक तारखेला त्या फक्त एवढंच विचारायच्या, "आज कोणाचा?" आणि ज्यांचे द्यायचे त्यांचे मी आधी देऊन यायची. सगळ्यात लहान देणं सगळ्यात आधी, म्हणजे दारातलं एक माणूस तरी कमी होतं, असा त्यांचा हिशेब होता. मंगळसूत्र सगळ्यात शेवटी सुटलं. ते सोडवायला त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. दुकानाच्या पायरीवरच मला ते घालायला लावलं आणि मागे वळून चालू लागल्या... पेढेसुद्धा घेऊ दिले नाहीत.

एवढं सगळं त्यांनी केलं, आणि मला त्यांच्याबरोबर दिसायची लाज वाटत होती. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. शिपाईबाईनं क्लार्कला हिशेब शिकवावा, हे मला सहन होत नव्हतं. ऑफिसात मी त्यांच्याशी कोपऱ्यात, हळू आवाजात बोलायची. सुरुवातीच्याच महिन्यात मालतीनं विचारलं, "काय गं, तुझं आणि तावडेबाईंचं सारखं काय कुजबुज चालतं?" तिचे दोनशे तेव्हा माझ्याकडून तिला यायचे होते. मी एका क्षणात म्हणाले, "अगं, उसने पैसे मागतात सारखे. नाही म्हणवत नाही." कुणी मला तसं बोलायला सांगितलं नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं. आठवड्याभरात ते सगळ्या टेबलांवर पोचलं. बाई पाणी ठेवायला आल्या की पर्स मांडीवर घेतल्या जायच्या. मी बघत होते.

माझं सगळं फिटलं त्याच वर्षी बाईंच्या मालाडच्या खोलीचा प्रश्न उभा राहिला. मालकाला चाळ विकून टाकायची होती; काही हजार भरले तर खोली नावावर करून द्यायला तो तयार होता. बाईंनी कारखान्याच्या पतपेढीकडे अर्ज केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी कर्ज मागितलं. दोन जामीन हवे होते. त्या आधी माझ्याकडे आल्या आणि मी सही केली, अगदी लगेच. आपण मोठं काही केलं असं मला वाटलंसुद्धा. दुसरी सही मिळेना. त्यांनी मालतीला विचारलं, आणखी दोघींना विचारलं. जेवणाच्या टेबलाशी मालती मला सगळ्यांसमोर म्हणाली, "तूच सांग बाई. तुझ्याकडे सारखी मागायची ना ती? मग तू कशी सही केलीस? आम्ही करावी का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एकच वाक्य होतं. बाईंनी माझ्याकडे कधी एक पैसा मागितला नाही, कर्ज माझं होतं. एवढं म्हटलं असतं तर मालतीनं हात धुऊन लगेच सही केली असती. ती वाईट नाही. पण मग टीव्ही, साड्या, खोटं मंगळसूत्र, सगळंच त्या टेबलावर आलं असतं. मी म्हणाले, "ज्याचं त्यानं ठरवावं बाई."

कुणी सही केली नाही. खोली गेली. बाई मुलीला, सुमनला, घेऊन नाहूरला भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेल्या. तिथून दादरला गाडी बदलून अंधेरीला यायच्या, तरी हजेरीला पहिली सही त्यांचीच. मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट अधूनमधून विचारायच्या, "काय, नवीन उधारी नाय ना?" मी "नाही" म्हणायची, आणि त्या अजून काहीतरी ऐकायचं राहिलंय तशा क्षणभर थांबायच्या. मला वाटायचं, वय झालंय, गुडघे दुखत असतील.

त्या गेल्यानंतर तिसऱ्या रविवारी मी नाहूरला गेले. सुमन एकटीच होती. खोलीत शिवणाचं मशीन, एक खाट, कोपऱ्यात स्टोव्ह. तिनं मला ओळखलं. बसायला खाट दिली, स्वतः उंबऱ्याशी बसली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मालतीला काय म्हणाले ते, आणि टेबलाशी काय म्हणाले नाही ते. ती ओरडेल, उठून जा म्हणेल, अशी माझी तयारी होती.

ती म्हणाली, "आईला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. कँटीनमधल्या कुणीतरी सांगितलं होतं तिला, त्याच आठवड्यात."

म्हणजे मालाडच्या बाजारातले ते सगळे शनिवार, ती दुकानाची पायरी... सगळं त्यानंतरचं. मी विचारलं, "मग त्यांनी मला सोडून का नाही दिलं?"

"मीपण भांडले होते तिच्याशी. म्हटलं, कशाला मरतेस तिच्यासाठी? तर म्हणाली, कर्जात बुडालेलं माणूस खोटं बोलतंच, मीसुद्धा बोललेय. तिचं फिटलं की ती आपणहून खरं सांगेल." मग अगदी सरळपणे, चौकशी करावी तसं सुमननं विचारलं, "तुमचं फिटलं का हो सगळं?"

"हो."

"कधी?"

"तीन वर्षं झाली," मी म्हणाले.

ती उठली आणि स्टोव्हला पंप मारू लागली, चहासाठी. तिची पाठ माझ्याकडे होती, आणि चहा होईपर्यंत ती वळली नाही.