डोक्याचं फडकं
गळीत हंगाम सुरू झाला आणि वाऱ्यावर मळीचा आंबूस वास आला, की मला माझा डावा घोटा आठवतो. पळायला लागून तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते. नेवासा रोडला, मनगटावरच्या नव्या घड्याळात किती किलोमीटर झाले ते बघत पळत होतो आणि डांबराच्या कडेवरून पाय मुरगळला. उठताच येईना. मागून कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी थांबली. गाडीवानाच्या बायकोनं डोक्याचं फडकं सोडून माझ्या घोट्याला करकचून बांधलं. “लई सुजलंय, दादा,” म्हणाली आणि मला आपल्या जागी बसवून स्वतः घरापर्यंत गाडीमागं चालत आली. दारात वडील उभे होते. माझ्या पळण्याला ते पहिल्या दिवसापासून हसत होते, म्हणून मी पटकन बोलून गेलो, “गाडी अंगावर आली.” वडील गाडीवानावर तुटून पडले. “डोळे फुटले व्हय रे तुझे?” आता हा खरं सांगणार, म्हणून मी खाली बघितलं. तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “चुकलं, मालक.” बायको शेजारीच होती, ती डोक्यावर पदर ओढून गाडी वळवायला बैलांपुढं झाली. मी भिंत धरून लंगडत घरात गेलो. घोटा बरा होईपर्यंत त्यांची ऊसतोडीची टोळी दुसऱ्या गावाला गेली होती. ते फडकं धुऊन मी कपाटात ठेवलंय. कुणाचं आहे, असं घरात कुणी विचारलं, की मी म्हणतो, घाम पुसायला विकत आणलंय.